आमच्या घरातलं अडखळणं

माझी लेक चौथ्या वर्षात होती तेव्हा पहिल्यांदा अडखळली. रविवारची सकाळ होती. सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई राहायला आल्या होत्या आणि पोहे करत होत्या. लेक त्यांच्या पायांत घुटमळत म्हणाली, "आजी, म-म-मला शेंगदाणे नकोत."

सासूबाई हसल्या. बायकोही हसली. मी मात्र हातातला कप खाली ठेवला. लहान मुलं अशी बोलतातच, हे मला ठाऊक होतं. पण तिचे ओठ मिटून राहिले, मान किंचित पुढे झाली आणि मग एकदम शब्द सुटला, ते मला चांगलंच ओळखीचं होतं. मी आयुष्यभर तेच करत आलो होतो.

लोक मला तोतरा म्हणतात. शब्द माझ्या तोंडात वेडेवाकडे होत नाहीत, नुसते अडकतात. शाळेत हजेरीला "हजर" म्हणता यायचं नाही म्हणून मी हात वर करायचो. बाई समजून घ्यायच्या, पोरं हसायची. हॉटेलात मला हवं ते न मागता जे उच्चारायला सोपं ते मागायचो. डोसा आवडत असून इडली खाल्ली, असं कितीतरी वेळा. पुढे डिप्लोमा करून रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. व्हॉल्व्हचे सुटे भाग मापायचे आणि बरोबर आहेत की नाहीत ते ठरवायचं. मायक्रोमीटर हातात असला की दिवसभर कुणाशी फार बोलावं लागत नाही. कारखान्यात मला सगळे "शांत स्वभावाचा माणूस" म्हणतात, आणि मीही तसंच समजत होतो.

हे अडखळणं आलं कुठून, याची गोष्ट आमच्या घरात ठरलेली होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावात एक शिंपी होता, तो अडखळत बोलायचा. मी पाचएक वर्षांचा असताना सुट्टीत गावी गेलो की ओट्यावर उभा राहून त्याची नक्कल करायचो आणि पोरं हसायची. असं करता करता एक दिवस जीभ तशीच राहिली. ही गोष्ट आधी आजी सांगायची, मग आई सांगू लागली, मोठा झाल्यावर मीही सांगायला लागलो. मला तो शिंपी अजून दिसतो. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि समोर ओट्यावर मी.

त्यामुळे सासूबाई जे म्हणाल्या त्याचा मला राग आला नाही. लेकीचं अडकणं चार-आठ दिवसांत वाढलं, तेव्हा एका संध्याकाळी त्या संकोचत म्हणाल्या, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. पण पोरं ऐकतात तशी बोलतात. तुम्हीच नाही का त्या शिंप्याचं ऐकून..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते पूर्ण ऐकायची गरजच नव्हती. मला शिंप्याकडून लागलं असेल, तर लेकीला माझ्याकडून लागणार. मी ठरवलं, हिचं बोलणं सुधारेपर्यंत हिच्यासमोर तोंड उघडायचं नाही.

बायकोला सांगितलं तर ती उसळली. "वेडा झालायस का? बाप आहेस तू तिचा! टेपरेकॉर्डर आहेस का, बंद केला की झालं?"

"थ-थ-थोडे दिवस," मी म्हणालो. ती आत निघून गेली.

मग सुरू झाले आमचे मुके दिवस. गंमत अशी की लेकीला ते फार आवडले. तिला वाटलं, बाबानं खेळ काढलाय. दोन बोटं म्हणजे दूध. तळहात आडवा धरून वर वर नेला की मॉलमधला सरकता जिना. नाक चिमटीत धरलं की अंघोळ. मी तिची वेणी घालताना शीळ घालायचो आणि ती मानेनं ताल धरायची. सोसायटीच्या बागेत ती घसरगुंडीवर चढली की मी टाळी वाजवायचो, त्याशिवाय ती खाली यायची नाही. झोपताना गोष्ट माझी आई सांगायची. आई आमच्याजवळच राहते. ती हे सगळं बघत होती, पण तिनं ना मला अडवलं ना शाबासकी दिली. माझ्याकडे बघायची आणि नजर वळवायची.

लेकीचं अडखळणं काही कमी झालं नाही. एखादा आठवडा चांगला जायचा, मग पुन्हा प्रत्येक वाक्यात गाडी अडायची. मला वाटायचं, आपण अजून पुरेसे गप्प नाही. फोनवर बोलायचं असलं तर मी खाली पार्किंगमध्ये जाऊ लागलो.

एक दिवस तिच्या बालवाडीच्या बाईंनी बायकोला बोलावून घेतलं. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती. गॅसवर काही नव्हतं.

"ती शाळेत बोलतच नाही म्हणे," ती म्हणाली. "पाणी हवं असलं तर बोट दाखवते. नाव विचारलं तर मान हलवते. बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, आम्ही घरी असंच करतो, मी आणि बाबा."

मी खुर्चीवर बसलो.

"अडखळणं तिनं तुझ्याकडून घेतलं की नाही, मला माहीत नाही," बायको म्हणाली. "गप्प बसणं मात्र घेतलं."

त्याच आठवड्यात आम्ही वाशीला एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. तरुण बाई होत्या. आधी त्या लेकीबरोबर जमिनीवर बसून ठोकळ्यांची गाडी करत राहिल्या, आम्हाला काही विचारलंच नाही. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाल्या, "घरात आणखी कुणी अडखळतं का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी."

"आणि तुमच्या आधी?"

मी शिंप्याची गोष्ट सांगितली. वेळ लागला. 'शिंपी' हा शब्दच माझ्यासाठी वाईट आहे. पण त्या बाईंनी माझा एकही शब्द माझ्यासाठी पूर्ण केला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, नुसत्या थांबल्या. असं थांबणारं माणूस मला त्याआधी क्वचितच भेटलं होतं.

"नक्कल करून हे लागत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकूनही लागत नाही. पुष्कळदा घराण्यात असतं, पण सगळ्यांना येत नाही, कुणाला येईल तेही सांगता येत नाही. आणि या वयात आलेलं पुष्कळ मुलांचं आपोआप जातं. तुम्ही तिच्याशी बोला. जसं येईल तसं बोला."

"पण आमच्या घ-घराण्यात कुणीच नाही."

"विचारलंत कुणाला?"

नव्हतं विचारलं. विचारायचं सुचलंच नव्हतं, कारण उत्तर हातात होतं. त्या दिवसापासून मात्र माझ्या डोक्याला एक भुंगा लागला. शिंपी नाही, तर मग कोण?

माझे वडील वाशीच्या कांदाबटाटा मार्केटमध्ये हमाल होते. आम्ही कोपरखैरण्याच्या एका खोलीत वाढलो. वडील भारी मोजकं बोलायचे. "बास" म्हणाले की भांडण थांबायचं. मार्केटमधली माणसं आपापले तंटे त्यांच्याकडे आणायची, कारण ते मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकाच्या खांद्यावर हात ठेवायचे. ज्याच्या खांद्यावर हात, तो बरोबर. ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, माणूस कसा धीरगंभीर होता. माझा शांतपणा मला त्यांच्याकडून मिळाला आणि अडखळणं शिंप्याकडून, असा माझा साधा हिशेब होता.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी तर लगीन करून आलेली. आत्याला विचार."

आत्या गावी असते. तिला फोन नेहमी आई करायची किंवा बायको करायची. मी मागून हात हलवायचो, ते म्हणायचे, "तोही विचारतोय हं तुला." मोठा झाल्यापासून मी तिच्याशी फोनवर कधी बोललोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागे जाऊन मी नंबर लावला.

"आ-आ-आत्या, मी ब-ब..."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, "दादा?"

दादा म्हणजे माझे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी कसंबसं माझं नाव सांगितलं. आत्या आधी हसली आणि मग रडायला लागली. "आरं लेकरा, माज्या काळजात चर्र झालं. मला वाटलं आमचा दादाच बोलतोय. त्यो बी आसाच आडायचा की रं!"

मी कॅन्टीनच्या भिंतीला टेकलो. "बाबा अडायचे?"

"व्हय तर. साळंत मास्तरांनी कविता म्हणायला उबं केलं की ह्येच्या तोंडातनं शबुद न्हाई. मास्तर छडीनं मारायचं. चौथीतनं साळा सोडली ती त्यापायीच. बैलांशी बोलताना मात्र कदी आडला न्हाई बग. शेतात येकटा आसला की भडाभडा बोलायचा. मग मुंबैला जायाचं ठरलं, तवा मला म्हनला, तितं मला कोन वळखत न्हाई, तितं म्या बोलनारच न्हाई."

"आणि आईला सांगितलं नाही क-कुणी?"

"पोरगा सबावानंच गंभीर हाय, आसं सांगितलं आमच्या आईनं मुलीकडच्यास्नी."

मी शिंप्याबद्दल विचारलं. "त्यो शिंपी बिचारा सावकाश बोलायचा, येवडंच. तू त्याच्या आदीपास्नंच आडत हुतास. पर पोरगा तसा, नातू बी तसा, म्हंजी खोट घरातच हाय असं लोक म्हनतील, ह्ये आईला नको हुतं. मग घातलं शिंप्याच्या माथी."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी मी तिथेच उभा होतो. मला राग येत नव्हता, नुसतं आश्चर्य वाटत होतं. मग मला आठवतो तो शिंपी कोण? तो खडू, तो ओटा, माझी नक्कल? इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीतून मीच ते सगळं मनात उभं केलं असणार. पण आजही डोळे मिटले की तो दिसतोच. त्याचं काय करायचं, मला समजत नाही.

संध्याकाळी घरी आलो. आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि आत्या काय म्हणाली ते सांगितलं. ती निवडतच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"लगीन झाल्यावर पहिलं वर्षभर मला वाटायचं, मी ह्यांना आवडत नाही," ती म्हणाली. "बोलायचेच नाहीत. हां, हूं, बास. मग एकदा त्यांना जोराचा ताप भरला. तापात बडबडायला लागले, तेव्हा कळलं. मी मग कधी दाखवलं नाही. माणसानं एवढं झाकून ठेवलंय, आपण कशाला उघडं करायचं?"

"आणि मी अडकायला लागलो तेव्हा?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तेव्हा ते तुझ्याशी बोलायचेच बंद झाले. तुला आठवत नाही?"

मला खरंच आठवत नव्हतं. मला आठवतात ते गप्प वडीलच. त्याआधीचे, माझ्याशी बोलणारे वडील कधी होते, हेच मला माहीत नव्हतं.

"मी म्हटलं, असं का करता?" आई सांगत होती. "तर म्हणाले, माझं ऐकून बिघडेल तो. शिंप्याची गोष्ट त्यांच्या आईनं रचलेली, ते त्यांना ठाऊक होतं, तरी पण ऐकून लागतं हे खरं मानायचे. आणि परवा तू पोरीपुढं गप्प बसायला लागलास तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. मनात म्हटलं, हेसुद्धा रक्तातनं येतं की काय?"

अडखळणं रक्तातून आलं असेल, ते मी समजू शकतो. पण लेकरासाठी गप्प बसायचं, हा विचार? तो मला कुणी शिकवला नव्हता. वडिलांनी तसं केल्याचं मला ठाऊकही नव्हतं. की इतका लहान असताना जे बघितलं ते आठवणीत राहिलं नाही, पण वागण्यात राहिलं?

माझा धाकटा भाऊ पनवेलला राहतो. तोच बाप, तीच आई, तीच खोली. पण तो बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. त्या रविवारी तो आला तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं. तो सहज म्हणाला, "अरे, अडायचे ना बाबा. गिरणीत दळण आणायला जाताना मला रस्ताभर गोष्टी सांगायचे. मध्येच थांबायचे. मला वाटायचं, ओझ्यानं दमलेत."

"तुला ग-गोष्टी सांगायचे?"

भावाला आपण काय बोलून गेलो ते कळलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं मला त्यातली एक गोष्ट सांगितली, लांडग्याची आणि मेंढपाळाची. वडील जिथे जिथे थांबायचे, तिथे तिथे तोही थांबला. नक्कल म्हणून नव्हे, त्याच्या लेखी ती गोष्ट तशीच होती. माझे वडील सलग किती बोलत असतील, ते मी असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

लेकीशी मी बोलायला लागलो तो दिवस काही तसा गोड गेला नाही. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, "ब-बाळा, आजपासून आपण ब-बोलायचं."

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. "खेळ संपला?"

"संपला."

तर तिनं भोकाड पसरलं. तिला तो खेळ हवा होता. शेवटी तडजोड झाली की दूध आणि सरकता जिना खुणेनंच सांगायचे, बाकी सगळं बोलून.

थेरपिस्ट बाईंकडे आम्ही वर्षभर जात होतो. त्यांनी लेकीपेक्षा आम्हालाच जास्त शिकवलं. तिचं वाक्य ओढून घेऊ नका, "नीट बोल" म्हणू नका, शब्दाकडे नको, ती काय सांगतेय त्याकडे लक्ष द्या. सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं, कारण त्यांना कुणाचंच वाक्य पूर्ण होईपर्यंत धीर धरवत नाही. पण नातीसाठी त्या पदर तोंडाशी धरून बसायला शिकल्या. एकदा मला म्हणाल्या, "जावईबापू, मी मागे तुम्हाला जे बोलले..." मी म्हणालो, "आई, तुमचं काही चुकलं नाही, माझं उत्तरही त-तेच होतं." त्यांनी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं, हे माझ्या लक्षात आलं.

लेक आता आठ वर्षांची आहे. तिचं अडखळणं जवळजवळ गेलं. फार उत्साहात असली की कधी तरी अडते, थांबते आणि पुढे जाते, जसं चालताना चपलेत खडा आला तर माणूस पाय झटकून पुढे जातं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाशी ती बोलते. वॉचमनच्या गावी किती म्हशी आहेत ते तिला ठाऊक आहे. माझी आई म्हणते, ही आईकडच्या आजीवर गेली. सासूबाई म्हणतात, ही तिच्या काकावर गेली. बायको म्हणते, ही कुणावर गेलेली नाही, तिला या घरात कुणी गप्प बसवलं नाही, एवढंच.

मला तिघींचंही पटतं. बाबांना शाळेत छडी बसली नसती तर ते कसे झाले असते? मार्केटात त्यांच्याकडे कुणी तंटे आणले असते का? त्यांची ती कीर्ती ऐकून घेण्यामुळे होती, आणि ऐकून घेण्याची सवय न बोलण्यातून लागली होती. मग ते धीरगंभीर होतेच, की लपता लपता तसे झाले? आणि मी? मला मापं घेण्याची आवड आहे, की जिथे बोलावं लागत नाही अशी जागा मी शोधली आणि मग तिथलं काम आवडायला लागलं? कारखान्यात अलीकडे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगतो, मी अडकतो, जरा थांबायला लागेल. ती थांबतात. मला शिकवायला आवडतं, असं आता माझ्या लक्षात आलंय. या वयात!

दीड वर्षापूर्वी आम्हाला मुलगा झाला. तो अजून धड बोलत नाही. घरात जो तो कान लावून बसलेला असतो. आई म्हणते मुलगे उशिराच बोलतात, सासूबाईंना तो रोज नवा शब्द बोलल्यासारखा ऐकू येतो. मला भीती वाटत नाही. आलं तर येईल, काय करायचं ते आता ठाऊक आहे.

पण तो हसतो भलताच. आधी नाकातून घोड्यासारखा फुर्रर्र आवाज काढतो, मग खांदे उडवतो, आणि आवाज सगळ्यात शेवटी येतो. आमच्याकडे असं कुणीच हसत नाही. हा कुणावर गेला ते शोधायला मी आत्याला फोन केला, भावाला केला, बायकोच्या कोकणातल्या मामांना केला. मामांनी त्यांच्या एका चुलतबहिणीचं नाव सुचवलं. त्या रत्नागिरीला असतात, मी त्यांना कधी बघितलेलंही नाही. काल त्यांना फोन लावला आणि माझी ओळख सांगता सांगता बराच अडकलो. मग विचारलं, "मावशी, तुम्ही हसता कशा?"

त्या इतक्या गोंधळल्या की हसल्याच नाहीत. म्हणाल्या, "आता कसं सांगू? तुम्हीच एकदा या की भेटायला."

पुढच्या महिन्यात जातोय.